पोटभाडे व भाडेहक्काचे हस्तांतरण

भाड्याने घेतलेली जागा किंवा तिचा काही भाग भाडेकरूने तिसऱ्या व्यक्तीस भाड्याने देणे म्हणजे पोटभाडे होय. अशी जागा घेणाऱ्यास पोटभाडेकरू व देणाऱ्यास मुख्य भाडेकरू म्हणतात. पोटभाड्यात मुख्य भाडेकरूचा हक्क संपत नाही. मालकाशी असलेले त्याचे नाते कायम राहते आणि त्याच्याखाली एक नवे नाते निर्माण होते. याउलट, भाडेकरू आपला संपूर्ण हक्क दुसऱ्याच्या स्वाधीन करून स्वतः बाजूला होतो, तेव्हा त्यास भाडेहक्काचे हस्तांतरण किंवा अभिहस्तांकन म्हणतात. या दोहोंहून वेगळा तिसरा प्रकार अनुज्ञप्तीचा. अनुज्ञप्तीने केवळ वापरण्याची परवानगी मिळते. जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. व्यवहारात हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात. त्यांतील सीमारेषा कोठे आखावयाची, हा भाडेविषयक कायद्याच्या इतिहासातील एक प्रमुख वादविषय राहिला आहे. प्रस्तुत नोंदीत मुंबई शहरातील या हक्काचा इतिहास मुख्यत्वे दिला आहे. कारण निर्बंध, त्यातून काढलेल्या पळवाटा व त्या पळवाटांना कालांतराने मिळालेली मान्यता ही साखळी येथे विशेष स्पष्टपणे दिसते.

मूळ कायदा : ब्रिटिश अमदानीत संमत झालेल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने (१८८२) भाडेपट्टेदाराला या बाबतीत उदार हक्क दिला होता. त्याच्या १०८ व्या कलमातील ‘जे’ खंडानुसार, करारात विरुद्ध अट नसेल तर, भाडेपट्टेदार आपला हितसंबंध पूर्णपणे, गहाणाने अथवा पोटपट्ट्याने हस्तांतरित करू शकतो. मात्र केवळ तेवढ्याने मालकाविषयीच्या त्याच्या जबाबदारीतून तो मुक्त होत नाही. भाडेपट्टा ही एक मालमत्ता असून मालमत्ता सामान्यतः हस्तांतरणीय असते, ही त्यामागील भूमिका होय. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमात अनुज्ञप्तीविषयी नेमका उलट नियम आहे. सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्याची अनुज्ञप्ती सोडली, तर अन्य अनुज्ञप्ती, विरुद्ध उद्देश व्यक्त झाला नसल्यास, हस्तांतरित करता येत नाही. ती विशिष्ट व्यक्तीला दिलेली परवानगी असते. भाडेकरूचा हक्क ही मालमत्ता आहे, की त्याला व्यक्तिशः लाभलेला आसरा आहे, या पुढील काळात गाजलेल्या प्रश्नाचे बीज अशा प्रकारे १८८२ च्या या दोन अधिनियमांतच आढळते.

मुंबईतील पार्श्वभूमी : पोटभाड्याची पद्धत मुंबईत कायद्याच्या आधाराने नव्हे, तर गरजेपोटी रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्या, गोदी व रेल्वे यांमुळे कोकण, देश व गुजरात येथून मजुरांचा ओघ शहराकडे सुरू झाला. त्यांच्यासाठी खाजगी मालकांनी चाळी बांधल्या. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने (१८९८) दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले व काही चाळीही उभारल्या, तरी घरांची टंचाई हटली नाही. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामगारांच्या कौटुंबिक खर्चाच्या सरकारी पाहणीत सु. ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असल्याचे आढळले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने (बी. डी. डी.) वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळींतही एका कुटुंबाच्या वाट्यास सु. १६० चौ. फुटांची एकच खोली येई.

अशा खोलीतही एका कुटुंबाखेरीज इतरांची सोय होत असे. खोली ज्याच्या नावावर त्याच्याकडे गावचे किंवा नात्यातले एकटे पुरुष राहत. पाळीप्रमाणे झोपावयास येणारे, व्हरांड्यात पथारी टाकणारे, जेवणासह राहणारे असे त्यांचे अनेक प्रकार असत. कोकणातील अनेक गावांच्या मंडळांनी ‘गावकीच्या खोल्या’ घेतल्या होत्या. गोव्यातून आलेले खलाशी व नोकरदार यांचे ‘कूड’ धोबीतलाव व आसपासच्या भागांत होते. या सर्व व्यवस्थांत मालकाच्या दप्तरी एकच नाव असे आणि प्रत्यक्षात अनेकजण राहत. त्यांतील काहीजण पाहुणे, काही सहनिवासी, तर काही खरेखुरे पोटभाडेकरू असत. त्यांच्याकडून मिळणाऱ्या रकमेवर मुख्य भाडेकरू आपल्या भाड्याची भरपाई करी. पोटभाडे हे अशा रीतीने एकाच वेळी परस्परसाहाय्याचे व नफेखोरीचेही साधन होते. पुढील सर्व कायद्यांना या दुहेरी स्वरूपाशी सामना द्यावा लागला.

युद्धकालीन नियंत्रणे : पहिल्या महायुद्धात घरबांधणी थंडावली व भाडी भडकली. ग्लासगो येथील भाडेकरूंच्या संपानंतर ब्रिटिश पार्लमेंटने १९१५ मध्ये भाडेवाढीवर निर्बंध घातले. मुंबईत असे अधिनियम १९१८ मध्ये करण्यात आले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर ते संपुष्टात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी १९३९ चा व त्यानंतर १९४४ चा अधिनियम आला. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ हा व्यापक कायदा होऊन तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे सर्वसाधारणपणे प्रमाणभूत भाडे ठरविण्यात आले आणि अधिनियमातील कारणांखेरीज भाडेकरूस बेदखल करण्यास मनाई झाली. हा कायदा तात्पुरता मानला गेला होता. परंतु वेळोवेळी मुदतवाढ मिळून तो पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला.

पोटभाड्यावर बंदी : १९४७ च्या अधिनियमाच्या १५ व्या कलमाने १८८२ चा उदार नियम उलटा केला. अधिनियम अंमलात आल्यानंतर कोणत्याही भाडेकरूने जागा किंवा तिचा भाग पोटभाड्याने देणे अथवा आपला हितसंबंध अन्य रीतीने हस्तांतरित करणे बेकायदेशीर ठरले. बेकायदेशीर पोटभाडे हे मालकाला ताबा मागण्याचे एक स्वतंत्र कारण झाले. भाडे, हस्तांतर किंवा नूतनीकरण यांपोटी मालकाने भाड्याखेरीज रक्कम घेणे १८ व्या कलमाने, तर भाडेहक्क सोडण्याबद्दल किंवा हस्तांतरित करण्याबद्दल भाडेकरूने मोबदला घेणे १९ व्या कलमाने निषिद्ध झाले.

या बंदीमागील तर्क समजण्याजोगा आहे. कायद्याने भाडे गोठविले ते गरजू रहिवाशाच्या संरक्षणासाठी. ज्याला जागेची गरज उरली नाही, त्याने त्या संरक्षणाचा व्यापार करावा, हे कायद्याच्या हेतूशी विसंगत होते. शिवाय १९४१ ते १९५१ या दशकात बृहन्मुंबईची लोकसंख्या सु. १८ लाखांवरून सु. ३० लाखांवर गेली होती. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची त्यात भर पडली होती. अशा वेळी मुख्य भाडेकरूने स्वतः स्वस्त भाडे देऊन पोटभाडेकरूकडून भरमसाट रक्कम उकळण्याचा धोका होता. कायदा लागू होण्यापूर्वी दिलेल्या पोटभाड्याबद्दलही मुख्य भाडेकरू प्रमाणभूत भाड्यापेक्षा जास्त भाडे आकारीत असल्यास तेही ताबा मागण्याचे कारण ठरविण्यात आले होते.

बंदी सरसकट असली, तरी तिला दोन बाजूंनी मर्यादा होत्या. एक, १३ फेब्रुवारी १९४८ पूर्वी कायदेशीरपणे ठेवलेल्या पोटभाडेकरूस १४ व्या कलमाने संरक्षण दिले होते. मुख्य भाडेकरूचा हक्क कोणत्याही कारणाने संपला, तरी असा पोटभाडेकरू थेट मालकाचा भाडेकरू होई. दुसरी, विशिष्ट वर्गाच्या भाडेपट्ट्यांस सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास होता. त्यानुसार १९४८ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने चालू धंदा मालसाठा व नावलौकिक यांसह विकताना जागेचा संपूर्ण भाडेहक्कही हस्तांतरित करण्यास मुभा मिळाली. दुकानदारांच्या बाबतीत ही तरतूद रास्त होती. कारण पेढीची किंमत पुष्कळदा तिच्या जागेतच असते. तथापि धंदा नाममात्र व जागाच खरी, अशा व्यवहारांनाही तिचा आडोसा मिळू शकत होता.

पगडी : निषिद्ध असूनही जी देवघेव मुंबईत सर्वत्र चालू राहिली, तिला ‘पगडी’ ही संज्ञा आहे. तिचे अर्थशास्त्र साधे आहे. समजा, एखाद्या खोलीचे प्रमाणभूत भाडे महिना १० रु. असून बाजारात तशाच खोलीसाठी १०० रु. देण्यास लोक तयार आहेत. अशा स्थितीत त्या खोलीत राहण्याच्या कायम हक्काला दरमहा ९० रुपयांच्या बचतीएवढे मूल्य प्राप्त होते. भाडे गोठलेले राहून बाजारभाव वाढत गेला, की हे मूल्य दरवर्षी वाढते. कायद्याने ते मूल्य निर्माण केले आणि त्याच कायद्याने ते विकण्यास मनाई केली. परिणामी विक्री थांबली नाही. ती लेखी व्यवहारातून तोंडी व्यवहारात गेली.

पगडीच्या व्यवहारात जाणारा भाडेकरू, येणारा भाडेकरू व मालक असे तीन पक्ष असत. येणारा रक्कम देई, जाणारा बहुतांश रक्कम घेई आणि मालक आपला हिस्सा घेऊन नव्या व्यक्तीच्या नावे भाड्याची पावती फाडी. हा हिस्सा प्रायः एक तृतीयांशाच्या आसपास असे. पावतीवर नाव चढले, की तोच हक्काचा मुख्य पुरावा ठरे. यात मालकाचाही स्वार्थ होता. नाममात्र भाड्यातून इमारतीची दुरुस्तीही होत नसल्याने त्याला मिळणारे खरे उत्पन्न भाडेकरू बदलताना मिळणाऱ्या हिश्श्याचेच असे. मालकाने संमती न दिल्यास व्यवहार चोरून होई. अशा वेळी पैसे देऊन राहावयास आलेली व्यक्ती पोटभाडेकरूहूनही दुबळ्या स्थितीत सापडे. कारण बेकायदेशीर रकमेची पावती नसे आणि तक्रार करावयास जागाही नसे.

१९५९ चा वटहुकूम : भाडेपट्ट्याच्या करारातच मालकाने पोटभाड्यास परवानगी दिली असेल तर काय, हा प्रश्न वामन श्रीनिवास किणी विरुद्ध रतिलाल भगवानदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कायद्याची बंदी सार्वजनिक धोरणाच्या स्वरूपाची असल्याने करारातील परवानगीने ती दूर होत नाही. परवानगी देणारा मालकही त्याच कारणावरून ताबा मागू शकतो, असा या निर्णयाचा आशय होता. तर्कदृष्ट्या हा निर्णय सुसंगत असला, तरी त्याच्या प्रकाशात शहरातील असंख्य पोटभाडेकरू, आणि त्यांना मालकाच्या माहितीने ठेवून घेणारे मुख्य भाडेकरूही, बेदखलीच्या छायेत येत होते.

२१ मे १९५९ रोजी वटहुकूम काढून व त्यानंतर त्यास अधिनियमाचे रूप देऊन राज्य शासनाने १५ वे कलम बदलले. ‘विरुद्ध करार नसल्यास’ अशा आशयाची अट घालण्यात आल्याने मालकाच्या संमतीला प्रथमच कायद्यात स्थान मिळाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वटहुकूम निघण्यापूर्वी ही बंदी जणू अस्तित्वातच नव्हती, असे मानण्यात आले. बंदी मोडून ज्यांनी जागेत प्रवेश केला होता व जे त्या दिवशी ताब्यात होते, त्यांचे पोटभाडे व हस्तांतरण करार वा न्यायालयीन हुकूमनामा काहीही असला तरी वैध ठरले. अकरा वर्षे चाललेली बंदी अशा रीतीने पूर्वलक्षी प्रभावाने मागे घेतली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सुरू झाली. ठराविक तारखेपर्यंतचे सर्व व्यवहार माफ व त्यानंतरचे निषिद्ध, ही पद्धत येथून मुंबईच्या भाडेकायद्याचे एक वैशिष्ट्य बनली.

सांविधिक भाडेकरू : भाडेपट्ट्याची मुदत संपली किंवा मालकाने नोटीस देऊन तो संपविला, तरी भाडेनियंत्रणाच्या बळावर भाडेकरू जागेत राहतो. अशा व्यक्तीस सांविधिक भाडेकरू म्हणतात. त्याला पोटभाड्याचा हक्क असतो काय? इंग्लंडमध्ये ‘कीव्ह्ज विरुद्ध डीन’ या खटल्यात (१९२४) सांविधिक भाडेकरूचा हक्क वैयक्तिक स्वरूपाचा असून त्यास तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, असे ठरले होते. अहमदाबाद येथील जागेसंबंधीच्या ‘आनंद निवास विरुद्ध आनंदजी कल्याणजी पेढी’ या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने (१९६३) हीच दिशा स्वीकारली. सांविधिक भाडेकरूस घरातून न हलविले जाण्याचे संरक्षण असते. पण दुसऱ्यास देण्याजोगा हितसंबंध त्याच्यापाशी उरलेला नसतो, असा या मताचा सारांश आहे. १९७९ मध्ये व्ही. धनपाल चेट्टियार खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने, भाडेनियंत्रण कायद्याखाली बेदखलीसाठी भाडेपट्टा संपविणारी नोटीस आवश्यक नसल्याचे ठरविले. त्यामुळे करारजन्य व सांविधिक भाडेकरूंतील भेदाचे महत्त्व पुष्कळ कमी झाले.

अनुज्ञप्तीचा मार्ग : पोटभाडे निषिद्ध, परंतु अनुज्ञप्तीचा कायद्यात उल्लेख नाही, या फटीतून ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारांची प्रथा मुंबईत वाढली. मुख्य भाडेकरू, तसेच सदनिकेचा मालक, जागा भाड्याने न देता अकरा महिन्यांच्या ‘परवानगी’ने देऊ लागला. रकमेस भाडे न म्हणता भरपाई म्हणू लागले. असा करार खरोखर अनुज्ञप्ती आहे की वेषांतर केलेला भाडेपट्टा, हे ठरविण्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात (१९५९) दिली. कागदाचे नाव निर्णायक नसून पक्षांचा खरा उद्देश पाहावा. अनन्य ताबा दिला असल्यास सकृद्दर्शनी भाडेपट्टा समजावा, पण त्याविरुद्ध परिस्थिती सिद्ध करता येते, असे तिचे स्वरूप आहे. ही कसोटी न्याय्य असली, तरी तिच्यामुळे प्रत्येक खोली हा पुराव्याचा स्वतंत्र प्रश्न झाला आणि मुंबईच्या लघुवाद न्यायालयात अशा दाव्यांची गर्दी झाली.

१९७३ च्या सतराव्या महाराष्ट्र अधिनियमाने या प्रश्नावर पुन्हा तारखेचाच तोडगा काढला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी किमान एका खोलीएवढ्या जागेत अनुज्ञप्तिधारक म्हणून असणारी व्यक्ती त्या दिवसापासून मालकाची भाडेकरू मानली जाईल, असे नवे कलम ‘१५ अ’ घालण्यात आले. त्याच वेळी भाडेकरूने यापुढे जागा अनुज्ञप्तीने देणे हेही पोटभाड्याप्रमाणे निषिद्ध झाले. मात्र अनुज्ञप्तिधारकाच्या व्याख्येत चालू करार व त्यापोटी दिले जाणारे शुल्क आवश्यक होते. पेइंग गेस्ट, एकत्र राहणारे कुटुंबीय, नोकर, दुसऱ्याच्या मालकीचा चालू धंदा चालविणारे आणि हॉटेल, वसतिगृह, क्लब इत्यादींतील रहिवासी व्याख्येबाहेर ठेवले होते.

या भेदाचे परिणाम दूरगामी झाले. ज्याच्यापाशी त्या दिवशी चालू असलेला करार होता, तो रातोरात संरक्षित भाडेकरू झाला. ज्याच्याकडून रक्कम तर घेतली जात होती पण कागद करून दिला नव्हता, त्याला आपली अनुज्ञप्ती सिद्ध करणे अवघड होते. मुदत संपूनही जो राहत होता, त्याचा ‘चालू करार’ नव्हता. एका खोलीपेक्षा कमी जागेत, म्हणजे व्हरांड्यात, माळ्यावर किंवा खोलीच्या कोपऱ्यात राहणारा सर्वांत गरीब वर्ग कायद्याच्या कक्षेतच येत नव्हता. दुसरीकडे, पुन्हा एखादी अशीच तारीख जाहीर होईल या भीतीने सदनिकाधारक व्यक्तींना जागा देण्याचे टाळू लागले. कित्येकांनी ती रिकामी ठेवणे पसंत केले. १९८७ च्या अठराव्या अधिनियमाने ही भीती अनाठायी नव्हती हे दाखविले. त्याने १९५९ मधील माफीची सीमा पुढे सरकवून पोटभाड्यासाठीही १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख निश्चित केली.

पुराव्याचा प्रश्न : पोटभाड्याचा व्यवहार मालकाच्या पाठीमागे होत असल्याने त्याचा थेट पुरावा क्वचितच मिळतो. भाडेकरूने जागेचा कायदेशीर ताबा सोडून तिसऱ्या व्यक्तीस अनन्य ताबा दिला आणि त्याबद्दल मोबदला घेतला, या दोन बाबी आवश्यक मानल्या जातात. अनन्य ताबा सिद्ध झाल्यास मोबदल्याचे अनुमान परिस्थितीवरून काढता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने भारत सेल्स खटल्यात (१९९८) स्पष्ट केले. दुकानांच्या बाबतीत भागीदारीचा करार हे नेहमीचे आवरण असे. भाडेकरूने खरोखर भागीदार घेऊन स्वतः धंद्यात व ताब्यात राहणे म्हणजे पोटभाडे नव्हे. पण भागीदारी केवळ दाखविण्यापुरती असून ताबा परक्याकडे गेला असल्यास ते पोटभाडेच होय, असा भेद न्यायालयांनी केला. हेल्पर गिरधरभाई खटल्यातील निर्णय (१९८७) या संदर्भात नेहमी उद्‌धृत केला जातो. घरांच्या बाबतीत हीच भूमिका नातेसंबंध बजावतो. जावई, मेहुणा किंवा पुतण्या घरात राहतो तो कुटुंबीय म्हणून की पैसे देऊन, हे शेजारी, शिधापत्रिका व विजेची देयके यांच्या साक्षीने ठरवावे लागते.

मृत्यूनंतरचा हक्क : हस्तांतरणास बंदी असली, तरी भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेकरू म्हणून मान्यता मिळत असे. ही मान्यता वारसाहक्क नसून निवासाचे संरक्षण होय. भाडेकरूने मृत्युपत्राने आपला भाडेहक्क दुसऱ्यास देणे १५ व्या कलमाच्या विरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये भवरलाल लाभचंद शहा खटल्यात ठरविले. घरात राहणाऱ्यास छप्पर मिळावे, परंतु भाडेकरूने त्या छपराचा दाता होऊ नये, असे हे तत्त्व आहे.

अन्य प्रदेश : मुंबई अधिनियम राज्यभर लागू नव्हता. विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश, तर मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा अधिनियम चालू होता. गोव्यात १९६८ चा स्वतंत्र अधिनियम झाला. दिल्लीच्या १९५८ च्या अधिनियमाची रचना विशेष उद्‌बोधक आहे. तेथे ९ जून १९५२ पूर्वीच्या पोटभाड्यास मान्यता देऊन त्यानंतर मालकाची लेखी संमती आवश्यक करण्यात आली आणि पोटभाडे ठेवल्यावर एका महिन्यात मालकास त्याची नोटीस देण्याची तरतूद झाली. मालकास नोटीस मिळाली, की पोटभाडेकरूचे अस्तित्व कागदावर येते व मुख्य भाडेकरू गेल्यास त्याला दाद मागता येते. मुंबईत सरसकट बंदीमुळे पोटभाडेकरूची नोंद होण्याचा मार्गच बंद झाला होता.

१९९९ चा अधिनियम : १९४० च्या पातळीवर गोठविलेली भाडी कालांतराने अवास्तव व अन्याय्य झाली आहेत, असे मत सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात (१९९७) व्यक्त केले. अधिनियमाची मुदत लवकरच संपत असल्याने मात्र संबंधित तरतुदी रद्द करण्याचे न्यायालयाने टाळले. त्यानंतर राज्यातील तिन्ही विभागांसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत होऊन तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने भाड्यात प्रतिवर्षी ४ टक्के वाढ मान्य केली. पोटभाडे, हस्तांतरण व अनुज्ञप्ती यांवरील बंदी, विरुद्ध करार नसल्यास, २६ व्या कलमात कायम राहिली. जुन्या मुंबई अधिनियमाच्या क्षेत्रात १ फेब्रुवारी १९७३ ही सीमारेषाही टिकून राहिली.

खरा बदल ५६ व्या कलमाने घडविला. भाडेहक्क सोडण्याबद्दल किंवा हस्तांतरित करण्याबद्दल भाडेकरूने मोबदला घेणे, तसेच भाडेपट्टा देण्याबद्दल किंवा हस्तांतरास संमती देण्याबद्दल मालकाने रक्कम घेणे, या दोन्ही गोष्टी कायदेशीर ठरविण्यात आल्या. १९४७ मध्ये जो गुन्हा होता, तो आता मान्यताप्राप्त व्यवहार झाला. हस्तांतराचा हक्क भाडेकरूस एकट्याने वापरता येत नाही. मालकाच्या संमतीने मात्र त्याची किंमत उघडपणे घेता येते. घरे अनुज्ञप्तीने देणाऱ्या मालकांसाठी २४ व्या कलमाने मुदतीनंतर ताबा परत मिळविण्याची शीघ्र व्यवस्था केली. ५५ व्या कलमाने भाड्याचा व अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदणीकृत असण्याची सक्ती केली आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. केंद्र शासनाने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमातही पोटभाडे व हस्तांतरण यांसाठी मूळ कराराला पूरक करार करण्याची अट आहे.

पुनर्विकास : मुंबई बेटावरील उपकरपात्र ठरलेल्या जुन्या इमारतींची संख्या दुरुस्ती मंडळाच्या स्थापनेच्या वेळी १९,६४२ होती. त्यांच्या पुनर्विकासासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत विशेष तरतूद झाली. तीनुसार भाडेकरूस नव्या इमारतीत मालकी हक्काने सदनिका मिळू लागली. तिचे किमान क्षेत्र प्रारंभी २२५ चौ. फूट होते, पुढे ते ३०० चौ. फूट झाले. त्यामुळे भाडेहक्काचे रूपांतर मालकीत होण्याची शक्यता निर्माण झाली आणि पावतीवरील नावाला पूर्वी कधी नव्हते एवढे मोल आले. एका खोलीचे अनेक भाडेहक्क दाखविण्याची प्रवृत्ती रोखण्यासाठी १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेहक्क विचारात घेऊ नयेत, असा नियम करावा लागला. येथेही निर्णय तारखेनेच झाला.

मूल्यमापन : पोटभाड्यावरील बंदी मूलतः चुकीची होती, असे म्हणता येत नाही. टंचाईच्या काळात संरक्षित जागेवर दलाली करणाऱ्यास आवर घालणे आवश्यक होते. दोष होता तो गोठविलेले भाडे व सरसकट बंदी या दोहोंच्या संयोगात. भाडे गोठल्याने हक्काला किंमत आली. बंदीमुळे ती किंमत कागदाबाहेर गेली. कायद्याने १९५९, १९७३ व १९८७ मध्ये मागील व्यवहारांना मान्यता दिली आणि १९९९ मध्ये मोबदल्यालाही दिली. परंतु प्रत्येक वेळी मान्यता लाभली ती ज्याच्या हाती त्या तारखेचा पुरावा होता त्याला. मालकाने नुकसान सोसले, पण हस्तांतराच्या वेळी हिस्सा घेतला. मुख्य भाडेकरूस संरक्षण व मूल्य दोन्ही लाभली. या तिघांतील ज्याने प्रत्यक्ष पैसे मोजून डोक्यावर छप्पर मिळविले, तो पोटभाडेकरू मात्र दुसऱ्याच्या हक्काच्या आधारावर राहिला; तो हक्क मुख्य भाडेकरूच्या थकबाकीने, मृत्यूने किंवा तडजोडीने संपला, की त्याचाही आसरा संपे. मालकाची वाजवी संमती, नोंद झालेला करार व पोटभाडेकरूला स्वतंत्रपणे ऐकून घेण्याची तरतूद या तीन गोष्टी असतील, तर पोटभाडे हे घरटंचाईतील उपयुक्त साधन ठरू शकते. त्यांच्या अभावी ते शोषणाचे साधन बनते, आणि केवळ मनाईने ते नाहीसे होत नाही, असा मुंबईच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.